पिवळ्या ओळी

मुलुंड पूर्वेच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कॉम्प्युटरचं काही अडलं की सगळे नंदकिशोर गुप्त्यांकडे बघत. निवृत्तीनंतर मोबाइलवरचे व्हिडिओ बघून ते एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायला शिकले होते. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेलं काम. बटण दाबलं की तो झरझर उरकतो. गुप्त्यांचा पहिला मॅक्रो एकाआड एक ओळ फिकट निळी आणि बाकीच्या पांढऱ्या करणारा होता.

तो चालवून बघायला त्यांनी संघाची सभासदयादी घेतली. चौसष्ट नावं, पत्ते, फोन. यादी जयंतीबाई कर्णिक ठेवत. तिच्यात मधल्या मधल्या काही ओळी पिवळ्या होत्या. गुप्त्यांना तो पसारा वाटला. त्यांनी बटण दाबलं आणि यादी छान निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची झाली. पिवळा कुठेच राहिला नाही. जयंतीबाईंना विचारायला हवं होतं, असं तेव्हाच मनात आलं. मागे जायला बघितलं, पण मॅक्रोने केलेलं अनडू होत नाही. मग दिसतंय ते छानच आहे, असं म्हणून त्यांनी यादी सेव्ह केली आणि जुनीच्या जागी ठेवून दिली.

पिवळ्या ओळी एकट्या राहणाऱ्यांच्या होत्या. अकरा जण. जयंतीबाई रोज सकाळी त्यांना फोन करत. कुणी उचलला नाही तर शेजाऱ्यांना दार वाजवायला लावत. त्यांना नावं पाठ होती, त्यामुळे यादी बदललेली त्यांच्याही लक्षात आली नाही. पुढे एका सोमवारी सकाळचे फोन आटोपून त्या लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या आणि हे काम ऋतावर सोपवून गेल्या. ऋता एका सभासदाची सून. रंगवलेल्या ओळींना फोन करायचा, एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. ऋताने निळ्या ओळी धरल्या. मंगळवारपासून ऑफिसला निघण्याआधी बत्तीस फोन करायची बिचारी.

त्या अकरा जणांतल्या प्रेमाताई शिर्के आता पांढऱ्या ओळीत होत्या. त्याच सोमवारी संध्याकाळी त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंना त्यांचं कण्हणं ऐकू आलं ते बुधवारी दुपारी. खुब्याचं हाड मोडलं होतं. नळ हाताशी होता म्हणून वाचल्या.

संघाच्या बैठकीत ऋता रडली. आपण एकही रंगवलेली ओळ सोडली नाही, असं ती परत परत सांगत होती. नवीन माणसाकडून होतं असं, म्हणून लोकांनी तिची समजूत घातली. गुप्त्यांना सगळं उमगलं होतं. तरी ते उठले, तिच्याजवळ गेले आणि "असू दे गं" म्हणाले.

चार दिवसांनी ते प्रेमाताईंना बघायला हॉस्पिटलात गेले.

"मी घाबरले नाही हो," प्रेमाताई म्हणाल्या. "म्हटलं, सकाळी फोन वाजेल, मी उचलणार नाही, मग कुणीतरी येईलच. मंगळवारी वाजला नाही. म्हटलं, उशीर झाला असेल."

गुप्त्यांनी तिथेच सांगून टाकलं. त्यांना समजेल असं सांगायला बराच वेळ लागला.

"पण कशाला केलंत?"

"छान दिसावं म्हणून."

प्रेमाताईंनी डोळे मिटून घेतले.

तिथून ते तसेच ऋताकडे गेले आणि तिच्या सासऱ्यांसमोर सगळं बोलले. ऋताने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, तुम्ही मला 'असू दे' म्हणालात," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं. यादीत आता 'एकटे राहतात' असा वेगळा रकाना आहे. रंगावर कुणी विसंबत नाही. फोनचं काम गुप्त्यांनी मागून घेतलं. नाशिकहून परतल्यावर जयंतीबाईंनी विचार करून त्यांना आठवड्यातले तीन दिवस दिले.

प्रेमाताईंना भाचीने बोरिवलीला नेलं. गुप्ते दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा भाचीने दारातूनच त्या झोपल्यात म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा वॉकर धरून प्रेमाताई बाहेर आल्या, त्यांना चहा द्यायला लावला, मुलुंडची खबरबात विचारली. माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत. विचारायची गुप्त्यांची हिंमत झाली नाही.