कूम काही नातेवाईक नव्हे

माझ्या धाकट्या भावाची बायको बिसेर्का हिच्या पायाला जन्मापासून भिंगरी आहे. चर्चमध्ये उभी राहिली तरी या पायावरून त्या पायावर, जेवायला बसली तरी टेबलाखाली गुडघा हलतोच, इतका की माझ्या वाटीतलं सूप हिंदकळतं. गावच्या हँडबॉल संघाची गोलकीपर होती तेव्हा हे खपून गेलं; तिच्या त्या नाचण्यानेच समोरच्या पोरी बावचळायच्या. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी, शाळेतली खेळाच्या बाईंची नोकरी सांभाळून, तिने नोव्ही साद शहरातल्या विद्यापीठात क्रीडा मानसशास्त्र आणि समुपदेशन शिकायला नाव घातलं, तेव्हा मी हसून हसून खाली बसले. खेळाडूंच्या मनातलं ऐकून घ्यायचं शिक्षण, आणि ते घेणार ही! हिने आजवर कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं होतं?

भाऊ ट्रक घेऊन जर्मनीला जातो, महिना महिना उगवत नाही. पोरगा शिकायला बाहेरगावी. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे तिच्या अभ्यासाचं गिऱ्हाईक मीच. सप्टेंबरात आम्ही अंगणात मिरच्या भाजत होतो.

"वन्सं, तुम्ही काहीतरी बोला. मी फक्त ऐकणार."

"काय बोलू? कंबर धरलीय माझी."

"मग त्या नव्या डॉक्टरकडे का नाही... नाही नाही. कंबर धरलीय, असं म्हणता तुम्ही."

"म्हणते काय! धरलीच आहे! ती मिरची जळतेय, आधी ती उलट."

नोव्ही सादच्या तिच्या प्राध्यापक वुकिका बाई म्हणजे चिमणीएवढी बाई, पण भारी खमकी. विद्यार्थ्यांना जोडीने बसवायची, एकाने बोलायचं, दुसऱ्याने सल्ला न देता ऐकायचं, आणि ते सगळं रेकॉर्ड करून वर्गात ऐकवायची. ऐकणारी बिसेर्का होती, पण तिच्या रेकॉर्डिंगमध्ये बिसेर्काच बोलत होती.

"पेनल्टीच्या वेळी तुम्ही आधी हलायचात का?" बाईंनी विचारलं.

"छे! आधी हलला तो गोलकीपर मेला."

"मग इथे का मरता?"

हे सांगताना ती स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. मला वाटलं, झालं, सोडणार आता. पण नाही सोडलं.

दुसऱ्या वर्षी खऱ्या संघाबरोबर बसायचं होतं. तिने आमच्याच गावचा क्लब धरला. त्याचा प्रशिक्षक रादिवोय आमचा कूम. लग्नात तो भावाच्या पाठीशी उभा राहिला आणि त्यांच्या पोराला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यानेच हातांत धरलं. "त्या क्लबात तुमचं कुणी नातेवाईक?" असं बाईंनी विचारलं (आपल्या माणसांबरोबर हे काम करायला मनाई असते), तेव्हा बिसेर्का बेधडक म्हणाली, "कुणी नाही." यात लबाडी नव्हती. मीही तेच म्हटलं असतं. कूम कुठे नातेवाईक असतो? नातेवाईकांशी भांडता येतं. कुमाशी भांडलं तर गाव म्हणतं, या घराकडे आता देव बघायचा नाही.

रादिवोयने तिला चेंडू ठेवायची खोली दिली, दोन खुर्च्या टाकून. त्या खुर्चीत पहिली येऊन बसली ती त्याचीच मुलगी नेवेना. आईविना वाढलेली पोर, संघाची हुकमी पेनल्टी मारणारी, आणि त्या हंगामात पेनल्टी मारताना तिचा हात थरथरायला लागला होता. ती वरचेवर येऊ लागली. तिच्याशी बसून आली की बिसेर्का घरात काही न बोलता फिरत राही, भांडी उगाच इकडची तिकडे ठेवी. मी विचारलं की अळीमिळी गुपचिळी. मला रागच यायचा. जिच्या तोंडात कधी तीळ भिजला नव्हता, तिने नेमकं आता तोंड मिटावं! माझी घरातली एकुलती एक करमणूक गेली.

नोव्हेंबर उजाडला आणि कोशावा सुटला. हा वारा सुटला की आमच्याकडे दारं-खिडक्या दिवसरात्र खडखडतात आणि माणसं कारण नसताना एकमेकांवर खेकसतात. त्यातच संत मिखाईलाचा दिवस आला. तो आमच्या घराण्याचा संत, त्यामुळे आमंत्रणाशिवाय सगळं गाव जेवायला, आणि पातेलंभर सार्मा, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा. कूम टेबलाच्या टोकाला, मानाच्या जागी. दुसऱ्याच दिवशी सामना होता. जिंकला तर संघ वरच्या गटात जाणार होता.

रादिवोयने ग्लास बाजूला सारून बिसेर्काकडे पाहिलं; तो तिला कुमा म्हणतो. "कुमा, एकच विचारतो. उद्या पेनल्टी तिला देऊ की नको?"

"तिलाच विचार ना."

"तिला विचारलं की 'ठीक आहे, बाबा' म्हणते. तुझ्याशी मात्र दार लावून बोलते. काय बोलते?"

"सार्मा वाढू का आणखी?"

"माझी मुलगी आहे ती!"

"म्हणूनच म्हणते, तिला विचार."

मला राहवेना. "अगं, सांग की! बाप आहे तो, कुणी परका आहे का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पावाचा तुकडा तसाच हातात धरून बसले. आणि तेव्हा मला दिसलं, तिचा गुडघा हलत नव्हता.

"तुझ्या पोराला मी पाण्यावर धरलं होतं," रादिवोय म्हणाला.

"विसरले नाही, कूम."

तो उठला, कोट घातला आणि ताटातला सार्मा तसाच टाकून गेला. वाऱ्याने दार असं आपटलं की देवाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती विझली. संताच्या दिवशी भरल्या टेबलावरून कूम उठून गेला! मी स्वयंपाकघरात तिला नाही नाही ते बोलले. ती भांडी घासता घासता रडत होती.

"वन्सं, मला सांगावंसं वाटत नाही असं वाटतं का तुम्हाला? जिभेच्या टोकावर आहे. उठता बसता."

सामन्याला ती माझ्याशेजारी बसली, कारण रादिवोयने तिला संघाजवळ फिरकू दिलं नाही. शेवटच्या मिनिटाला गोल बरोबरीत, आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. त्याने नेवेनाकडे बोट दाखवलं. शिट्टी झाली. पोरीने गोलकडे पाहिलंच नाही, बापाकडे पाहिलं. मग चेंडू जमिनीवर ठेवला आणि मैदानाबाहेर, तिथून दाराबाहेर चालती झाली. संध्याकाळच्या बसने ती सुबोतित्साला मावशीकडे गेली आणि बापाचा फोन उचलेना.

"तुला माहीत होतं!" रादिवोय सगळ्यांदेखत बिसेर्कावर ओरडला. तिने उभं राहून सगळं ऐकून घेतलं. गाव आमच्यावर उलटलं. पाववाली माझ्याकडे न बघता पाव द्यायला लागली.

सोमवारी बिसेर्का आपण होऊन नोव्ही सादला गेली आणि बाईंना सगळं नातं सांगितलं.

"मी नातेवाईक विचारले होते," बाई म्हणाल्या.

"हो. कूम त्याहून जवळचा, हे मला सुचलंच नाही."

तिचं आमच्या क्लबातलं सगळं काम रद्द झालं. आता दुसऱ्या गावात, अनोळखी संघाबरोबर पहिल्यापासून सुरुवात. नेवेनासाठी बाईंनी सुबोतित्सात दुसरी समुपदेशक बघून दिली. बिसेर्का घरी आली आणि त्या वाऱ्यात अंगण झाडत बसली. झाडावं तर पानं परत तिथेच.

आठवड्याने रादिवोय आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. दारातच उभा राहिला.

"तुला काढलं म्हणे."

"मीच निघाले."

"म्हणजे आता तू तिची कुणी नाहीस. आता तरी सांग. एवढंच सांग, ती माझ्यामुळे गेली का?"

मी कॉफीखालचा गॅस बारीक केला, उकळण्याच्या आवाजात ऐकू आलं नसतं म्हणून.

"नाही सांगणार," बिसेर्का म्हणाली.

"आताही?"

"कधीच नाही."

"मी मेलो तरी?"

"तरीही."

मला वाटलं, आता हा काहीतरी फेकून मारतो. तो तिच्याकडे बघत राहिला. पूर्वीची बिसेर्का असती तर तेवढ्यात दहा वाक्यं बोलली असती, केक पुढे केला असता, तुझी चूक नाही रे म्हणाली असती. ही नुसती बसून होती. शेवटी त्यानेच घसा खाकरला.

"म्हणजे मी तुला काही सांगितलं, तर ते नेवेनालाही...?"

"नेवेनालाही नाही. कुणालाच नाही."

त्याने टोपी काढली, खुर्ची ओढली, आणि बोलायला तोंड उघडलं. बिसेर्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, जाता जाता दार लावून घ्या."

माझ्याच स्वयंपाकघरातून! मी अंगणात कोशावा खात उभी राहिले. दाराला कान लावला, पण वाऱ्यापुढे एक अक्षर ऐकू येईना.

पुढच्या रविवारी बापलेक सुबोतित्साच्या बसमधून एकत्र उतरले. नेवेना आता खेळत नाही, आणि तो तिला खेळ म्हणत नाही. मधे काय झालं ते मी बिसेर्काला कितीदा विचारलं. ती म्हणते, "कॉफी घेता, वन्सं?"

परवा मात्र ती अभ्यासाला बसली होती, तेव्हा मी समोरची खुर्ची ओढली. "बिसेर्का, माझी कंबर धरलीय," मी म्हटलं. कंबरेला काही झालेलं नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. तिने पुस्तक मिटलं आणि उठून आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.