सगळे नेतात

आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगखालचा मेडिकलवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही. मोबाइल बघत पाकिटातल्या दोन गोळ्या कात्रीने कापतो आणि म्हणतो, "बिनधास्त घ्या."

सुनेला उलट्या होत होत्या. मी विचारलं, "ती बाळाला अंगावर पाजते. ही गोळी चालेल ना?"

"टेन्शन नका घेऊ, आजी. सगळे नेतात."

सगळे म्हणजे कोण? माझी नात महिन्याची. कापलेल्या तुकड्यावर गोळीचं नावसुद्धा नव्हतं. तो तुकडा त्याच्याच काउंटरवर फेकला आणि सुनेला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

परवा तान्हं बाळ घेऊन माहेरी आलेल्या त्याच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या. भरदुपारी शटर ओढून तो तिला रिक्षाने डॉक्टरकडे न्यायला निघाला.

मी विचारलं, "दुकानातल्या गोळ्या संपल्या का रे?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. बघू दे.