समासात लिहिणाऱ्या बाई

प्रश्न विचारण्याआधी बाई पेनाला टोपण घालायच्या. आमच्या सर्वेक्षणातली बाकीची मंडळी पेन उघडून, फॉर्मवर टेकवून मगच तोंड उघडत. बाईंचं उलटं. "पेन उघडं दिसलं की माणूस पोलिसात जबानी दिल्यासारखा बोलतो," त्या म्हणायच्या. टोपण घालून झालं की समोरच्याकडे नीट बघायचं आणि विचारायचं, "हं, आता सांगा, तुम्हाला काय वाटतं?"

ऐकायला छान वाटतं हे. पण मी त्यांचा सुपरवायझर होतो, आणि मला दर माणसामागे रोज चाळीस फॉर्म पुण्याच्या कंपनीला पाठवायचे होते. बाईंचे यायचे अकरा. माझं डोकं भणभणायचं.

काम तसं सोपं होतं. टोल आणि गाडीवरचा कर काढून टाकला, आणि गाडी जेवढे किलोमीटर चालेल तेवढाच रस्त्याचा आकार घेतला, तर चालेल का, एवढंच वाहनवाल्यांना विचारायचं. हो, नाही, सांगता येत नाही. एका चौकोनात खूण करायची आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. बाकीचे सगळे पेट्रोल पंपावर उभे राहून दुपारपर्यंत मोकळे व्हायचे. बाईंनी मात्र श्रीरामपूरजवळचं एक रेल्वे फाटक धरलं. "पंपावर माणसाचा जीव आकड्यांत अडकलेला असतो. फाटक पडलं की तो रिकामा असतो," त्या म्हणाल्या. मिशनच्या शाळेत जन्म घालवून निवृत्त झालेल्या बाई त्या, त्यांना मी काय शिकवणार?

तरी एकदा त्यांना गप्पा मारताना पकडायचंच म्हणून मी फाटकावर गेलो. बाई एका दुधाच्या टेम्पोवाल्याशी बोलत होत्या.

"न्हाई लिवा," तो म्हणाला. "अन् पुडं काय इचारू नका."

"नाही असंच लिहिते. पण का, ते तर सांगा."

"आमच्या गावचा तीन किलोमीटर रस्ता बगा जाऊन. खड्ड्यात रस्ता हुडकावा लागतो. त्या खड्ड्यांचे बी पैसे द्यायचे व्हय आमी?"

"आणि रस्ता चांगला असला तर?"

"मंग दीन की. चांगल्या रस्त्याला कोन न्हाई म्हनतंय?"

बाईंनी टोपण काढलं, 'नाही'वर खूण केली आणि शेजारच्या समासात बारीक अक्षरांत लिहिलं: रस्ता चांगला असेल तर हो.

"अहो बाई," मी म्हणालो, "हे ना धड हो, ना धड नाही. मी हे कुठं मोजू?"

"मोजायचं काम तुमचं, सुपरवायझर साहेब. माझं लिहायचं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या जीपकडे गेल्या.

जीपवाला शनिशिंगणापूरला भाविक नेणारा होता. वर्षाला गाडी किती चालते, असं बाईंनी विचारल्यावर तो छातीठोकपणे "वीस हजार" म्हणाला. बाईंनी वाकून मीटर पाहिलं.

"हे तर बंद आहे."

"लई वर्सं झाली त्याला," तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. बाईंनी तेही समासात लिहिलं.

मग स्कूटरवरून वाड्यावस्त्यांवर जाणारी एक नर्स आली. तिचं म्हणणं, जास्त फिरेल त्यानं जास्त द्यावं हे पटतं. "पण मी हौसेनं फिरते का हो? बाळंतिणींकडे जाते." तिचा समास भरला, तेव्हा बाईंनी फॉर्म आडवा धरून वरच्या बाजूला लिहायला घेतलं. निघताना प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या, "तुमचं म्हणणं पुढे पोचेल." लोकही मान डोलवून जायचे.

महिनाभरानं पुण्याहून बाईंच्या फॉर्मचा गठ्ठा परत आला, सोबत निरोप. चौकोनाबाहेर काही लिहिलेले फॉर्म बाद. म्हणजे बाईंचे सगळेच बाद. दोनशेच्या वर माणसं होती त्यात. मी तडक फाटकावर गेलो आणि बाईंवर घसरलो. वयाचाही मान ठेवला नाही, हे आज कबूल करतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी शब्द दिलाय त्यांना," त्या म्हणाल्या. "मला कामावरून काढा. फॉर्म काढू नका."

मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. चहा मागवला, एक व्हाइटनरची बाटली आणली. समास पुसून टाकायचे, नुसत्या खुणा ठेवायच्या, बाई वाचतात आणि मीही वाचतो, असा माझा हिशेब. पहिला फॉर्म पुसायच्या आधी सहज वाचला. मग दुसरा वाचला. ब्रश हातातच वाळून गेला. चौकोनांत बघितलं तर सगळीकडे नकार. समासांत बघितलं तर कुणी रस्ता मागत होतं, कुणी पोटासाठी फिरणाऱ्याला सवलत मागत होतं, कुणी विचारत होतं की आमचे पैसे आमच्याच तालुक्यात लागतील का. नुसतं नाही म्हणणारे फार थोडे होते. इतके दिवस मी यांना मोजत होतो आणि एकाचंही म्हणणं मला माहीत नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन मी एसटीनं पुण्याला गेलो. कंपनीतल्या मॅडमनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग उभ्या उभ्या चार फॉर्म वाचले, खुर्ची ओढून पाचवा वाचला आणि म्हणाल्या, "ठेवून जा."

पुढच्या फेरीचे फॉर्म छापून आले, त्यात चौथा चौकोन होता: 'अट असल्यास लिहा.' खाली तीन रिकाम्या ओळी. तोवर बाई मुलीकडे नागपूरला राहायला गेल्या होत्या. मी फोन लावून सांगितलं. पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला.

"किती ओळी म्हणालात?"

"तीन."

"कमी पडतील," बाई म्हणाल्या.

किलोमीटरचा आकार येईल की नाही, कुणास ठाऊक. पण त्या फेरीला फाटकावर मी स्वतः उभा राहिलो. कांद्याच्या गाडीवरच्या एका दाढीवाल्या ड्रायव्हरनं मला नखशिखांत न्याहाळलं.

"मागच्या बारीला बाई हुत्या हितं. माजं सगळं लिवून घेतलं त्यांनी. पोचलं का ते?"

"पोचलं," मी म्हणालो आणि चौथा चौकोन दाखवला.

त्यानं पॅड माझ्या हातातून घेतलं, स्टिअरिंगवर टेकवलं आणि एकेक अक्षर जुळवत लिहायला लागला. आगगाडी गेली, फाटक वर झालं, मागून हॉर्नचा गलका सुरू झाला. त्यानं मान वर केली नाही. तिसरी ओळ संपल्यावर मात्र अडखळला.

"सायेब, मागल्या बाजूला लिवू का?"

"लिहा की," मी म्हणालो.