भेगेतली भिंत

आमच्या आणि चुलतभावाच्या शेतांच्या मधोमध काळ्या दगडाची भिंत आहे. कुणी बांधलेली नाही, जमिनीतूनच वर आलेली. तरी हद्द म्हणून दोघांनी आपापली बाजू चुन्यानं रंगवलीय.

काल भूगर्भशास्त्राच्या एक बाई भिंतीचं वय काढायला आल्या.

"माझ्या बाजूला हातोडा लागता कामा नये," भाऊ पलीकडून म्हणाला.

"माझ्याही," मी म्हणालो.

शेवटी बाईंनी वर चढून मधला तुकडा काढला. "इथं जमीन ताणून फाटली होती," त्या म्हणाल्या. "खालून वितळलेल्या दगडाचा रस आला आणि भेग भरून थिजला. भोवतीची जमीन झिजली, ही भिंत उरली."

म्हणजे फाटलेल्या जमिनीनंसुद्धा स्वतःला सांधून घेतलं. ऐकून मला भावाचा आणखीच राग आला.

बाई माझ्या बाजूनं चढल्या, त्याच्या बाजूनं उतरल्या. बुटांनी दोन्हीकडचा चुना खरवडला. संध्याकाळी मी बादली घेऊन गेलो, तर पलीकडे कुंचा आधीच चालू होता.