सुतळी कुठे बाहेर जाते?

काकांच्या दुकानात चप्पल शिवायला टाकायची तर आधी परीक्षा द्यावी लागते. "घरी कुत्रं आहे? त्याला टोचून आणलंय?" एवढं झालं की मग काय उसवलंय ते. म्हातारा चळला की काय, अशा नजरेनं लोक माझ्याकडे बघतात. बघू देत. मी त्यांची पुतणी, वरच्या मजल्यावर राहते आणि तोंडानं जरा फटकळ आहे. म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर अख्ख्या गावाची पायताणं, आणि फळीवर न मावणाऱ्यांचा कोपऱ्यात ढीग. काकू गेल्यावर काका उंबऱ्याबाहेर पडेनासे झाले. दूध, भाजी मीच आणून द्यायची. बोलणं म्हणाल तर 'हं' आणि 'ठेव तिथं'. मग एका गिऱ्हाइकानं कुत्रीचं पिल्लू आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. लांबुडकं, कसल्याशा मातकट रंगाचं. काकांनी तिचं नाव सुतळी ठेवलं.

सुतळीला झोप लागायची ती फक्त त्या ढिगात. कुणाच्या तरी बुटात नाक खुपसायचं, डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं तिचे पाय हलायला लागायचे. काका हातातली चामडं टोचायची आरी थांबवायचे.

"बघ, निघाली. आज पोस्टमनचा बूट आहे, लांब जाणार."

दुपारचं ऊन काचेतून येऊन फळ्यांवर हळूहळू सरकायचं. चामड्याचा आणि डिंकाचा वास, घड्याळाची टिकटिक, आणि सुतळीबाई आपली बसल्या जागी गाव हिंडतेय. काकाही तिच्या मागे. "आत्ता पुलावर वारा आहे बरं का," असं हलक्या आवाजात सांगायचे. मग शाळेचं मैदान, मग नदीकाठची ओली वाळू. मीही दारात टेकून ऐकत राहायचे आणि वर माझी आमटी करपायची. काका पुन्हा बोलायला लागले होते, आमटीचं काय घेऊन बसलात.

मी म्हणाले, "काका, हिला टोचून आणू या."

"अगं, सुतळी कुठे बाहेर जाते?"

शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, सुई दिली की कुत्रं मंद होतं, राखण करत नाही. कोपऱ्यावरची केस कापणारी म्हणाली, आमच्याला उभ्या जन्मात सुई नाही, कसा ठणठणीत आहे बघा. झालं! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी भांड भांड भांडले. काका सुतळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. खरी गोष्ट वेगळीच होती. दिवसभर आरी चालवणारा माणूस, पण शेवटी शेवटी काकूंच्या हाताला ज्या सुया लावल्या होत्या, त्या त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. हे ते मला नंतर बोलले.

एका सकाळी सुतळी ढिगातून उठलीच नाही. ओकाऱ्या, मग रक्ताचे जुलाब. काकांनी तिला कामाच्या एप्रनमध्ये गुंडाळलं आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदा घराबाहेर पडले. मला बरोबर चालताना धाप लागली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "पार्व्हो दिसतोय, कुत्र्यांचा संसर्गाचा आजार. लस दिली होती?"

"नाही. पण ती बाहेर जातच नाही हो. दुसऱ्या कुत्र्याचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही तिनं."

"भेटावं लागत नाही, काका. आजारी कुत्र्याची घाण बुटांच्या तळाला लागते आणि घरात येते. तुमच्याकडे बूट घालून कोण कोण येतं?"

काकांकडे तर बूट माणसांशिवायसुद्धा येत होते.

सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. आता सुयांना कोण नको म्हणणार होतं? बाईंनी जिवाचं रान केलं, पण ती वाचली नाही. अगदी शेवटी तिचे पाय हलले, झोपेत हलायचे तसेच.

"निघाली," काका म्हणाले. मला रडू आवरेना.

घरी येऊन त्यांनी एकेक जोडा खाली काढला आणि तळ घासून धुतला. फरशी धुतली, फळ्या धुतल्या. कोपरा मात्र तेव्हापासून रिकामाच आहे. तिथे ते काही ठेवू देत नाहीत. दुपारी ऊन तिथपर्यंत येतं, आणि काकांची आरी अजून मधेच थांबते.

परवा एक बाई आली, सँडलची टाच निखळलेली. काकांची परीक्षा सुरू झाली.

"आहे की कुत्रं," ती हसून म्हणाली. "पण ते कुठे बाहेर जातं?"

काकांनी सँडल उलटी केली आणि तळ वर करून तिच्यासमोर ठेवली. खाचाखाचांत रस्त्यावरची माती वाळून बसली होती.

"ही जाते ना," ते म्हणाले.

तिनं खाचेतली माती नखानं खरवडून बघितली. मग तिनं विचारलं, गुरा-कुत्र्यांचा दवाखाना इथून कुठल्या बाजूला आहे. मी सांगणार तेवढ्यात काकांनी आरी खाली ठेवली आणि पायात चपला सरकवल्या.

"चला, कुत्र्याला घेऊन या," ते म्हणाले. "मी येतो बरोबर."