मेल्यावर पाजलेली ताडी

"सकाळी सकाळी ढोसून रस्त्यात आला असेल. ही लोकं तोंड धुवायच्या आधी ताडी पितात."

असं तो बोलला. पोलीस स्टेशनात, माझ्यासमोर, खुर्चीत बसून. तो म्हणजे गाडीवाल्याचा काका. इस्त्रीचा शर्ट, नाकाला रुमाल. साहेब हसला. हवालदारपण हसला. मी फरशीवर बसलेली, मांडीवर माझी पोर, नऊ महिन्यांची, किरकिर करत होती. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. खाली बस असं कोणी बोललं नव्हतं. माझी मीच खाली बसली. त्याची लाज मला अजून वाटते.

नवऱ्याला जाळून तिसरा दिवस.

तो तारापूरला केमिकल कंपनीत ठेक्यावर होता. रात्रपाळी सुटली की सकाळी सातला सायकल काढायचा नि सालवडला आमच्या खोलीवर यायचा. त्या दिवशीपण निघाला. पाम गावाकडच्या रस्त्याला मागून काळी मोठी गाडी आली. उजेड चांगला, रस्ता मोकळा. तरी गाडी कडेला उतरली नि त्याला सायकलीसकट घेऊन कंपाउंडच्या भिंतीवर गेली. समोर चहाची टपरी हाय. टपरीवाल्याने सगळं बघितलं. मला बोलला, "भाभी, वो उतरा तो खड़ा नहीं हो पा रहा था। दरवाज़ा पकड़ के उल्टी किया।" सीटखाली बाटल्या. शेठचा पोरगा. तारापुरात त्यांच्या दोन कंपन्या. कुठल्या बंगल्यावरून पार्टी करून चालला होता, पिऊन पिऊन सकाळ केलेली.

तो गेला असा निरोप आला, आमी धावत गेलो. मी, दीर, नि नवऱ्याची आत्या, पोरीला सांभाळायला गावाकडून आलेली म्हातारी. तो संपला होता. आत्याने पदराखालून बाटली काढली. ताडीची, गावची. आमी डोंगराकडची माणसं, आमच्या पाड्यात माणूस गेला की त्याच्या तोंडात ताडीचा थेंब सोडतात. तसाच कोरडा पाठवत नाय. आत्याने बाटली तशीच तिरपी केली, थेंब कुठला, अर्धी वाटी सांडली त्याच्या तोंडावर, गळ्यावर, शर्टावर. "घे रं पोरा, कोरडा नको जाऊ." आमाला काय ठावं पोलीस यायचेत नि वास घ्यायचेत.

अर्ध्या तासाने आले. हवालदार वाकला, हुंगला, लिहिलं. मयताच्या तोंडास दारूचा उग्र वास.

नि आता स्टेशनात साहेबाने माझ्यासमोर कागद टाकला. छापून तयार. "जबाब आहे तुझा. अंगठा दे इथे."

माझा जबाब. मी तोंडपण उघडलं नव्हतं.

"मला सही येते," मी बोलली.

"मग सही कर. अजून चांगलं."

मी सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकली. वाचते, पण अक्षर अक्षर लावून. मी वाचायला लागली, मोठ्याने, मला मनात वाचता येत नाय. माझे पती यांना दारूचे व्यसन होते. ते नशेत अचानक रस्त्यात आले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

काका कंटाळला. घड्याळ बघितलं. "बाई, तुला कँटीनला लावून देतो कंपनीत. पर्मनंट. पोरीचं बघ जरा."

सोबत आलेला दीर माझ्या कानाशी आला. तोपण ठेक्यावर, यांच्याच कंपनीत. "वहिनी, कर सही. माझा गेटपास बंद करतील. नि ते ताडीचं बोलू नको हा, आणखी हसतील."

मी भ्यालेली. खोटं कशाला सांगू, भीतीने मला मुतायला झालं होतं. पेन हातात. ताडीचं बोलली तर गावंढळ, भुताखेताची लोकं. नाय बोलली तर माझा नवरा दारुडा, स्वतःच्या मरणाला स्वतः कारण. नि मला एकदम कळलं, मला लाज कशाची वाटते? म्हातारीने मेलेल्या पोराला दोन घोट पाजले, त्याची? नि हा रुमालवाला, याच्या पुतण्याने पिऊन माणूस मारला, याला कायच नाय वाटत?

मी विचारलं, "साहेब, त्याचं रक्त कवा घेतलं?"

"कोणाचं?"

"गाडीवाल्याचं."

साहेब काकाकडे बघायला लागला. "त्याच्या छातीत दुखत होतं. ॲडमिट होता. दुसऱ्या दिवशी घेतलं."

छातीत दुखत होतं. बिचारा. माणूस मारून छातीत दुखायला लागलं. मेलेल्याचा वास अर्ध्या तासात कागदावर आला, नि जो जिता होता, उभा राहत नव्हता, ओकत होता, त्याचा वास कोणाला आला नाय. काय नाकं हायत यांची! गरिबाच्या तोंडाशी बरोबर पोचतात.

मी उठली. पोर रडायला लागली, रडू दिली.

"ताडी आमी पाजली. तो मेल्यावर. आमच्यात पाजतात. सगळ्या लोकांनी बघितलं. लिहा."

"असलं लिहीत नाहीत जबाबात."

"मग सही नाय."

"ए बाई, डोकं फिरलं का तुझं?" काका उभा राहिला. रुमाल खाली आला. पहिल्यांदा त्याचं तोंड दिसलं. भ्यालेलं होतं. माझ्यासारखंच.

दुपार झाली. मी दारात बसून पोरीला पाजलं, परत आत गेली. परत तेच बोलली. लिहा. चार वेळा. शेवटी हवालदाराने लिहिलं, पेन कागदात घुसेल असं दाबून. मी परत अक्षर अक्षर वाचलं, मग सही केली. दीर माझ्याशी बोलत नाय. त्याचा गेटपास खरंच बंद केला.

नि तो शेठचा पोरगा घरी हाय. निष्काळजीपणाचं कलम लावलं, जामीन झाला. निष्काळजीपणा म्हणे. दूध उतू गेलं तर निष्काळजीपणा. बाटली फोडली तवा याला ठावं होतं, चावी घेतली तवा ठावं होतं. मोठं कलम हाय, सदोष मनुष्यवधाचं, मी विचारून आली. ते लावायला यांचा हात उठत नाय. पालघरला मोठ्या साहेबाच्या ऑफिसात मी अर्ज दिलाय, मोठं कलम लावा म्हणून. नि कायदाच असा पाहिजे की साहेबाच्या मर्जीवर काय राहूच नये. पिऊन मारलं, तर आत. वर्षानुवर्षं आत. शेठचा असू दे नायतर माझ्या घरातला. तिथल्या तिथे रक्त घ्या, छाती मग बघा.

कोर्टात वकील मला विचारणार, तुमच्यात दारू चालते ना? चालते. देवाला, लग्नाला, मेलेल्याला. पिऊन आमी नाचतो, भांडतो, बांधावर पडतो. माणसावर गाडी घालून, आंघोळ करून दवाखान्यात झोपत नाय.

तवापण मी भिणार, मला ठावं हाय. तरी मी अपघात बोलणार नाय. मारला बोलणार.