हत्यारांच्या विसाव्याचा दिवस

पानशेतच्या वरच्या अंगाला माधुरीचं घर. नवरा गोरख टेम्पोवर, पंधरा दिवसांनी घरी येणारा. सासू फुलाबाईंची नजर गेल्यात जमा, त्यामुळे त्यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. पुण्याची एक कंपनी घरी बसून काम देणार होती. अट एकच, त्यांची चाचणी स्वतःच्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डावर चालवून खंडेनवमीच्या संध्याकाळी सहाच्या आत निकाल पाठवायचा. नाहीतर पुण्यात राहून ऑफिसात यायचं.

कार्डाकडून गणितं करून घ्यायची तर कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर त्याचा ड्रायव्हर आणि टूलकिट, म्हणजे ते कार्ड चालवणारी सॉफ्टवेअरं, बसवावी लागतात. रेंज फक्त खिडकीच्या कोपऱ्यात. तिथे मोबाईल टांगून तिने दोन दिवसांत सगळं डाउनलोड केलं. खंडेनवमीच्या दुपारी एकदाचा ड्रायव्हर बसू लागला, तेव्हा ती गाईला वैरण टाकायला गेली.

परतली तर कॉम्प्युटरची घरघर बंद. त्याच्या डब्यावर हळदकुंकू, अक्षता. पिन काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

"आत्या, हे कोणी केलं?"

"म्याच. चाचपत चाचपत काढली बग," फुलाबाई कौतुकाने म्हणाल्या. "इळा, कोयता, खुरपं समदं धुऊन मांडलं. आज हत्यारांचा इसावा. तुझ्यावानी त्येच्याबी जिवाला आराम नको व्हय?"

माधुरीने पिन लावली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथेच थांबली. ड्रायव्हर अर्धवट, कार्ड सापडत नाही. तिने तो काढून पाहिला, पुन्हा बसवून पाहिला. चार वाजले. तिने भोरच्या दुरुस्तीवाल्या हनुमंतला फोन लावला.

"ताई, लिनक्सच नव्यानं टाकाया लागंल," तो म्हणाला. "पण आज पूजा मांडलीय. स्क्रूड्रायव्हरलाबी हात लावत न्हाई. परवा या."

सहा वाजून गेले. ती पडद्यासमोर बसूनच होती. साडेसहाला कंपनीचा निरोप आला, सोमवारपासून ऑफिसात या. गोरखला फोन केला, तर तो म्हणाला, "जा. आईचं बगू कायतरी." काय बघणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"चालू झालं का गं तुझं?" फुलाबाईंनी चुलीपाशी बसून विचारलं.

"न्हाई, आत्या."

"उद्या हुईल. इसावा झाला की नीट चालतं."

माधुरीने माळ्यावरून बॅग काढली. मग मिठाचा डबा, चहाचा डबा, काडेपेटी एका ओळीत मांडली आणि फुलाबाईंचा हात धरून एकेका डब्यावर ठेवू लागली.

"आता हे कशापायी?" त्यांनी विचारलं.